उणे सहा

जावई म्हणाला, पप्पा, आज सिंधुभवन रोड.
ध्रुमिल त्याचं नाव. मला पप्पा म्हणतो,
मी अजून दचकतो.

रात्रीचे साडेनऊ, आणि रस्ता
नुकतंच उजाडल्यासारखा.
काचेच्या पेटीत बोलिंग, काचेच्या पेटीत कॉफी,
चौथ्या मजल्यावर बर्फ.
बाहेर एकतीस डिग्री, आत उणे सहा.
भाड्याचा कोट, कॉलरला कुणाच्या तरी अत्तराचा वास.
मनगटावर पट्टा: दोनशे सतरा.

खोटं कशाला बोलू, घसरलो आणि हसलो.
पस्तीस वर्षं वीज मंडळात
एकही फाईल न हरवलेला माणूस
ढुंगणावर आपटून हसला,
आणि हेमांगीनं फोटो काढला.

"मजा आवी?" ध्रुमिल.
"ठीक," मी.
बडोद्याचा माणूस अमदावादेत
याहून जास्त कबूल करत नाही.

मनात हिशेब चालू होता.
गरबा आमचा, त्यावर बोलायचंच नाही.
सेव उसळ आमची, घाम फोडणाऱ्या तरीसकट.
इथं तिचे दोनशे ऐंशी घेतात
आणि वर पुदिन्याचं पान ठेवतात.
तुमच्या नदीत पाणी दुसऱ्या नदीचं,
काठाला दिवे, मधे बोटी.
आमच्या विश्वामित्रीत मगरी आहेत.

हे शेवटचं मी मोठ्यानं म्हणालो असणार.
त्यात काय मिरवायचं, पप्पा?

तेव्हा हेमांगी सांगायला लागली,
पुराच्या साली शिर्केकाकांच्या स्कूटरखाली
मगर येऊन बसली होती ती,
रात्रभर.
गल्ली सगळी गच्चीवर,
कुणीतरी पातेलंभर चहा केलेला,
आणि बाबा टॉर्च धरून उभे,
सेल संपेपर्यंत.
गुजरातीत सांगत होती, भराभर,
इतकी भराभर की मी
माझ्याच गोष्टीत एक पाऊल मागे.
मगर हा शब्द तेवढा दोन्हीकडे सारखा.
तिथं तिला गाठायचो.

ध्रुमिल ऐकत होता, स्ट्रॉ तोंडात तशीच.
पछी?
पछी काय. सकाळी पकडून नेली.

इकडेच राहा ना आजची रात्र, ती म्हणाली.
मी बसची वेळ सांगितली.

काळ्या घोड्याच्या पुलावर थांबलो, कारण नसताना.
खाली काळोख, चिखलाचा वास,
पाणी आहे की नाही तेही नीट कळेना.
एक मुलगा ॲक्टिव्हा हळू करून म्हणाला,
काका, काही पडलं का?
नाही रे.
मोबाईलचा उजेड टाकून पाहिला.
तो पाण्यापर्यंत पोचलाच नाही.

घरी आल्यावर लक्षात आलं, पट्टा तसाच मनगटावर.
ओढून तुटेना, दातांनीही नाही.
कात्री हेमांगीच्या टेबलाच्या
खालच्या खणात असायची.
खण उघडला.
मग टेबलच नेलंय ते आठवलं,
हा दुसरा खण, दुसऱ्या कुठल्या टेबलाचा,
यात विजेची जुनी बिलं.

झोपलो तसाच,
दोनशे सतरा नंबरचा.