किमान अठरा

सकाळी सहा चाळीसला माझा आवाज
आलेन्तेजूच्या स्वयंपाकघरांत पोचतो,
कॉफीला उकळी फुटायच्या जरासा आधी.
कागद लिस्बनहून येतो.
तिथल्या माणसांनी आमचा अख्खा मुलूख
एकाच रंगात बुडवलेला असतो:
आज पिवळा, गुरुवारपासून नारिंगी.

मी वाचते.
मंगळवार, कमाल एकोणचाळीस.
बुधवार, चाळीस.
आकाश निरभ्र, हे तर वाचायचीही गरज नसते.
जूनपासून इथे ढग म्हणजे
उंबऱ्यावरूनच परत जाणारा पाहुणा.

फोन करणारे दुपारचं विचारत नाहीत.
दुपार सगळ्यांना पाठ आहे:
निळ्या पट्ट्याची पांढरी घरं, मिटलेल्या झडपा,
धुराड्यावर चोच उघडी टाकून उभा करकोचा,
आणि ओल्या चादरीच्या आड माझी आई झुल्मिरा,
पंख्याला शिव्या देत बसलेली.
लोक विचारतात रात्रीचं.
रात्र किती उतरेल?

एर्मिनियू तेवढ्यासाठीच फोन करतो, नाव न सांगता.
"विसाच्या खाली जाईल का गं?"
एकसष्टीचा माणूस, कुऱ्हाड बापाची,
आणि यंदा त्याच्या टोळीच्या वाट्याला
बुचाची तीनशे बारा झाडं,
खोडावर पांढऱ्या रंगात सात लिहिलेली.

सात म्हणजे सतरा साल.
तेव्हा सोललं होतं, ते आता पुन्हा.
मधली नऊ वर्षं झाड अंगावर बूच चढवत राहतं
आणि माणूस थांबतो.
उधारी, लग्नं, छपराची कौलं,
धाकट्याचं फ्रान्सला जाणं,
इथे सगळं नवाच्या पाढ्यात बसवलेलं.

माझ्याकडे पाच दिवस असतात.
त्यातले शेवटचे दोन मी
थोड्या खालच्या आवाजात वाचते.

रात्र गार गेली तर झाडात ओल टिकते.
पहाटे कुऱ्हाडीचं पातं घालून नुसतं पिळलं
की बूच सुटतं, अख्खं,
झोपलेल्या पोराचा सदरा काढावा तसं.
आत तांबूस, ओलसर खोड.
पण आग्नेयेचा वारा सुटला, सुआंव,
तर साल खोडाला घट्ट धरून बसते.
कागदावर त्या वाऱ्याला नाव नसतं.
नुसतं लिहितात, गुरुवारी, ताशी तीस किलोमीटर.

तो बुधवारी आला.

दुपारी फोन वाजला. "मी एर्मिनियू बोलतोय."
इतक्या वर्षांत पहिल्यांदा नाव.
मी माफी मागायला लागले, तर म्हणाला,
राहू दे, वाऱ्याने कुठे कागद वाचला होता.
मग सांगितलं:
पहिला घाव घातला, आवाज बसका आला.
कळायला हवं होतं.
दुसऱ्या घावाला बुचाबरोबर आतली साल निघाली,
जिला आम्ही आई म्हणतो,
ती फाटली की त्या जागी पुन्हा बूच धरत नाही.
"हात दाबून धरला गं तिथे. थोडा वेळ.
पोरं हसली. मीही हसलो."

एकशे चाळीस झाडं तशीच सोडून
टोळी ट्रॅक्टरवर बसून परत आली.
शनिवारपर्यंत वारा पडला नाही तर
खोडावरचा सात तसाच राहणार,
पुढच्या उन्हाळ्यात आठांच्या रांगेत
नापास झालेल्या मुलासारखा उभा.
आणि त्याच्या पुढच्या खेपेला
एर्मिनियू एकाहत्तर वर्षांचा असेल.
हे मी मोजलं. त्याने आधीच मोजलं असणार.

आज गुरुवार. कागद आला आहे.
इशारा नारिंगी, कमाल बेचाळीस,
रानात यंत्रं चालवायला बंदी,
म्हाताऱ्यांनी पाणी पीत राहावं.
आई हे ऐकून रेडिओकडे बघून नाक मुरडते, मला माहीत आहे.
शुक्रवार, तसाच.
शनिवारी रात्री समुद्राकडून वारा, किमान अठरा.

अठरा, मी पुन्हा वाचते, सावकाश.
कागदावर ते एकदाच आहे.
लिस्बनमध्ये कुणी ऐकत असेल तर ऐको.