दोन ओळी की तीन

धारगळच्या चढावर काटा पुन्हा लाल पट्ट्यात.
उतरलो. बॉनेट लगेच उघडलं नाही,
एवढं शहाणपण गेल्या वर्षी भाजलेल्या मनगटाने दिलंय.
मागे बावीस पोती मीठ, आगरवाड्याचं.
साखळीच्या बाजारात सातच्या आत पोचायचं होतं.
कॅबिनमध्ये पाण्याच्या चार बाटल्या,
चारही रिकाम्या.

म्हापशाला सूर्यकांत कारापूरकर
खुर्चीतून न उठताच विचारतो,
"दोन ओळी की तीन?"
म्हटलं, कसल्या?
नळ्यांच्या. मूळ गाडीला दोन होत्या.
पण गाडी अठ्ठ्याण्णवची,
आणि तेव्हाचा मार्च वेगळा होता, म्हणाला.

अ‍ॅल्युमिनियमचा काढला आधी,
वरखाली प्लास्टिकच्या टाक्या,
हातात घेतला तर रिकाम्या डब्यासारखा हलका.
साडेचार हजार. सहा महिन्यांची वॉरंटी.
"मिठाची गाडी आहे हे कंपनीला सांगू नकोस,"
हे मात्र त्याने इकडेतिकडे बघून सांगितलं.
तांब्या-पितळेचा हवा तर कोल्हापूरहून येईल,
तीन ओळींचा, आठ दिवस, अकरा हजार.
दोन बोटं जाड, म्हणजे पंख्याचं कवच कापायचं आलं.

मी मनात पोती मोजायला लागलो.
डिझेल जाऊन पोत्यामागे साठ सुटतात.
अकरा हजार म्हणजे आठ खेपा फुकट,
नववीचाही एक कोपरा.
आणि गाडीचं पासिंग संपायला दोन वर्षं.
दोन वर्षांच्या जिवाला
किती वर्षांचं तांबं घालायचं?

करासवाड्याला इनास मिस्त्रीने
जुना रेडिएटर हौदात बुडवला.
एक बुडबुडा येईल म्हणून आम्ही वाकलो.
पाणी उकळल्यासारखं झालं.
"पाणी खंयचें घालता?"
मिठागराच्या कडेच्या विहिरीचं, म्हटलं.
त्याने टोपी काढली, डोकं खाजवलं,
टोपी पुन्हा घातली. बोलला काही नाही.
खाल्ल्या मिठाला जागतात म्हणे.
हिने रात्र रात्र जागून खाल्लं,
बाहेरून वाऱ्यातलं, आतून विहिरीतलं,
पत्रा पत्रा करून.

मग बोटाने वाजवली वरची टाकी.
पितळ शाबूत. खालचीही.
टाक्या ठेवू, मधला गाभा फक्त नवा घालू,
तीन ओळींचा, सहा हजार आठशे.
अ‍ॅल्युमिनियम फुटलं की फेकायचं,
याला डाख लागतो, कितीही वेळा.
कोण लावणार, मी विचारलं,
आणि विचारल्यावर वाटलं, नको होतं विचारायला.
त्याचा उजवा हात थरथरतो, सकाळचा जास्त.
मुलगा लिस्बनला, गोदामात.
"दोन वर्सां?" स्वतःशीच हिशेब केल्यासारखा म्हणाला,
"दोन वर्सां हांव आसां."

ठरलं ते तेवढ्यावर.
कारापूरकर चार दिवस बोलला नाही,
मग बोलला, कारण त्यालाही मीठ लागतं.

जुना गाभा भंगारात नेला.
तराजूवर ठेवण्याआधी तिथल्या पोराने
फरशीवर दोनदा आपटला.
पांढराहिरवा चुरा पडला.
"अजून आत आहे," पोरगा म्हणाला,
"अर्धा किलो मिठाचं कापतो."
पंचवीस वर्षं मीठ विकतोय,
वजनावरून कोणाशी भांडलो नाही असा दिवस नाही.
तिथे गप्प बसलो.
चिमूटभर चुरा बोटाला लागला होता,
विजारीला पुसला.

दुसऱ्या दिवशी धारगळचा चढ.
बावीस पोती. काटा अर्ध्यावर,
हलतोय, पण वर जात नाही.
कापलेलं कवच थोडं खडखडतं,
ते पुढच्या आठवड्यात बघू.
बाटल्या मात्र चारही भरून घेतल्यात,
इनासच्या नळाच्या.