न मांडलेलं लेबल

"लेबल तयार करणं सोपं असतं, मारिका.
एक ओळ, आत मजकूर, झालं.
पण मांडलं नाहीस तर दिसणार नाही."
युलोनं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं,
विर्त्सूच्या धक्क्यावर, हातमोजे न काढता.

आज बर्फानं फेरी अडवली आहे.
प्रतीक्षागृहाच्या स्क्रीनवर वेळांचं लेबल,
डावीकडे टेकवलेलं, चाळीस अक्षरं रुंद,
सूचना लांबली की शेपूट कापणारं.
ओळ कुठं मोडायची ते मी त्याला सांगितलं,
फाँट अठ्ठावीसचा केला
लाइनेचे मोतीबिंदूचे डोळे आठवून.
पांढऱ्यावर करडी अक्षरं कुणी दिली होती?
मीच. काळी केली.

मग कोडच्या तळाशी, चारशे बाराव्या ओळीत
आणखी एक सापडलं.
रोज पहाटे पाचला प्रोग्राम उठतो
तेव्हा हेही जन्मतं,
रंग, फाँट, समास, सगळं नेसून तयार बसतं
आणि कुणी त्याला जागा देत नाही.
अकरा वर्षं.

मजकूर युलोचा:
"उशीर होतोय. शेगडीवर चहा आहे. घ्या."

साहेबांनी नको म्हटलं असेल,
की त्यालाच लाज वाटली, कोण जाणे.
पुसलं मात्र नाही.

तिसऱ्या रांगेत, दुसऱ्या स्तंभात मी ते बसवलं.
बाकीची लेबलं जराशी सरकली.
लाइनेनं विणकाम थांबवून वर पाहिलं,
ओठ हलवत वाचलं,
मग काचेवर टकटक केली:
"कुठली शेगडी गं?"

शेगडी दोन हिवाळ्यांपूर्वीच काढली.
मी थर्मास शोधायला उठले.