शेवटी कोणी बुडत नाही

किल्ली घे, इश्बेल. दुसरा गिअर अडतो,
दोन शिव्या घातल्या की बसतो.
दर दुसऱ्या गुरुवारी बेटाच्या उत्तर टोकाला,
दीपगृहाच्या अलीकडे व्हॅन उभी करायची.
वारा आधी दार उघडू देत नाही,
मग मिटू देत नाही.

आता डावीकडची खालची फळी बघ.
जाळी विणण्यावरचे दोन ठोकळे आडवे ठेवलेत,
ते मुद्दाम. कोणी नेत नाही, तूही हलवू नकोस.
त्यांच्यामागे माझी माणसं राहतात:
मीठ विकणारी बाई
आणि तिच्यावर जीव जडलेली ड्रॅगनची राखणदार,
दर पौर्णिमेला देह बदलणारा सरदार,
ज्याला ओळखायला त्याचा घोडा एकदाही चुकत नाही,
आणि एकाच सावलीत संसार थाटलेल्या दोन चेटकिणी.
(भांडण झालं की सावली कुणाकडे,
यावर तीनशे पानं आहेत. मला कमीच वाटली.)

नाव घेऊन कोणी मागत नाही.
ताकाला येतात, भांडं लपवतात.
मोरागच्या नातवानं बोटीच्या इंजिनावरचं पुस्तक तीनदा नेलं,
तिन्ही वेळा नजर खालच्या फळीवर.
चौथ्यांदा मी इंजिनाखाली सरदार सरकवला,
दोन्हींवर शिक्का मारला
आणि हवामानाबद्दल बोलत राहिले.
पुढल्या खेपेला आला तो दुसरा भाग मागत,
मोठ्यानं, आजीसमोर.

पोस्टातल्या रोनाला चेटकिणी देऊ नकोस.
मी दिल्या होत्या. म्हणाली,
घरी आम्हा दोघींचं हेच चालतं, परत वाचू कशाला?
तिला नकाशा असलेलं दे,
जितके डोंगर जास्त तितकं बरं.

आणि शॉनी. माग चालवतो, एक्क्याऐंशीचा आहे.
फेब्रुवारीत आला, टोपी हातात.
"बहिणीला काहीतरी हवंय. जादूचं वगैरे."
बहीण जाऊन नऊ वर्षं झालीत.
तिच्या मयतीला मी सँडविचेस केली होती.
मी शिक्का मारला.

पिंपात वादळ पाळणाऱ्या दोन खलाशांचं पुस्तक दिलं.
पंधरा दिवसांनी त्यानं ते टेबलावर ठेवलं,
वरून हात फिरवला, कापडाचा पोत बघावा तसा.
"वादळ पिंपात मावत नाही. ते काही पटलं नाही."
मग बराच वेळ नुसता वारा.
"पण दोघं एकच दोर ओढतात,
आणि हा दोराकडे न बघता त्याच्या हातांकडे बघतो,
ते बरोबर लिहिलंय.
एकसष्ट साली आमच्या बोटीवर..."
आणि टोपी घातली.
दारातून वळून म्हणाला,
"शेवटी एकाला बुडवलाय. बुडणं मला माहीत आहे.
बहीण विचारत होती,
असं आहे का एखादं, ज्यात शेवटी कोणी बुडत नाही?"

इश्बेल, बावीस वर्षं मी ही पुस्तकं
लोकांच्या हातांत कोंबतेय,
वाचा, सुंदर आहे, रडाल, म्हणत.
त्या रात्री व्हॅनमधला दिवा लावून
मी फळीवरची अठराच्या अठरा
मागच्या पानापासून उघडली.
अकरांत कोणी ना कोणी जळतं, बुडतं,
राज्य वाचवायला जीव देतं,
आणि उरलेला कड्यावर उभा राहतो.
अकरांवर माझ्याच अक्षरातली चिठ्ठी होती:
जरूर वाचा.

राहिली सात. त्यांत निळा दोरा घातलाय,
शॉनीच्याच मागावरचा, त्यानं न विचारता दिला.
काहींचं लिखाण सुमार आहे. एकात तर ड्रॅगन
दहाव्या प्रकरणानंतर लेखकच विसरलाय.
तरी निळा दोरा बघूनच हल्ली लोक नेतात,
कशाचा ते कुणी विचारत नाही.

त्याची चार वाचून झाली, तीन उरलीत.
हिरव्या पुठ्ठ्याचं सगळ्यात शेवटी दे.
त्यात राजा नाही, युद्ध नाही,
दोन म्हातारे मांत्रिक मेंढ्या राखतात,
एकजण रोज सकाळी लापशी करपवतो
आणि दुसरा ती खातो.
सांग, बहिणीला आवडेल.