ठिपका

मार्था आवळे सिस्टरांनी जवळचा चष्मा
कपाळावर सरकवला
आणि कॉलेजचा नवा, काळा, वायरवाला
नाकावर चढवला.
बुबुळ जाईल तिकडं
पडद्यावर लाल ठिपका जातो म्हणे.
"माझी नजर बघून काय शिकणार गं?
हात बघा की."

खाटेवर वडणग्याचा गुळव्या.
काहिलीतल्या उकळत्या रसानं
मनगटापासून दंडापर्यंत चट्टे.
शीर कुठं दडली होती, देव जाणे.

तासाभरानं वर्गाचे पडदे ओढून
बसलो आम्ही अठराजणी.
आधी माझी फिल्म.
माझा ठिपका सुईच्या टोकाला चिकटलेला,
ढेपेवरचा मुंगळाच.
हात रबराचा होता,
तरी दोनदा चुकले.

मग सिस्टरांची.
ठिपका आधी त्याच्या सुकल्या ओठांवर.
मग थेट पायाच्या अंगठ्यावर,
आवळलेल्या,
हळूहळू सैल पडत चाललेल्या.
मग क्षणभर दाराशी
डबा घेऊन उभ्या त्याच्या बायकोवर.
सुईवर जेमतेम.
"मी तिकडं बघत होते व्हय?"
सिस्टर खुर्ची ओढून पुढं आल्या.
एकतीस वर्षं चाललेली ही वाट
त्यांची त्यांनाच ठाऊक नव्हती.

आणि मग
कोपराच्या लवणीत बोट दाबून
शीर चाचपताना
ठिपका गेला.
पडदाभर नुसता तो चट्ट्यांचा हात,
खाली अक्षरं : नोंद नाही.
चार सेकंद.
वायर सुटली असेल, इंगवले सर म्हणाले.
मागं नेऊन पुन्हा लावलं.
पुन्हा तेच.
शेवटच्या बाकावरून शबाना मुल्लाणी म्हणाली,
"सर, त्यांनी डोळे मिटलेत."

कुणी हसलं नाही.
सरांनी आलेखातली ती रिकामी जागा
पेन्सिलीनं गोल केली.
समोर काय लिहावं सुचेना,
तेव्हा पेन्सिल सिस्टरांपुढं धरली.
त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला,
गोल बघितला,
पेन्सिल तशीच परत दिली.
"डबा गार झाला असेल त्याचा.
सलाइन किती राहिलंय,
बघून या कुणीतरी."

मी गेले.
बाटलीकडं नंतर.
दारातूनच आधी अंगठा बघितला.