पाइपावर तीन टोले

भिलवडीच्या खालच्या अंगाला कृष्णा वळते
आणि वळताना थोडी वाळू विसरून जाते.
तिथंच आमच्या संस्थेची जॅकवेल.
मी मोटरवाला.
थ्री फेज या आठवड्यात रात्री साडेबाराला,
पुढच्या आठवड्यात पहाटे चारला.
हे वेळापत्रक गावात दोघांनाच पाठ,
मला आणि तिला.

उतरायच्या आधी मी पान्ह्यानं पाइपावर तीन टोले देतो.
ठण्. ठण्. ठण्.
थांबतो.
मग काळोखात कुठंतरी वाळू घसरते
आणि पाणी एकदाच, जाडसर आवाजात,
डुबुक.
ती गेली. आता मी उतरायचं.
प्रोसिडिंग बुकात हा ठराव नाही,
सूचक मी, अनुमोदक ती.

म्हण लहानपणापासून ऐकलेली,
सुसरबाई, तुझी पाठ मऊ.
मी ती पाठ पाहिलीय बॅटरीच्या उजेडात, सात हातांवरून.
नांगरून टाकलेलं काळं रान, पाण्याविना,
ढेकळामागं ढेकूळ.
मऊ म्हणायला जीभ वळली नाही.

इलाही मुजावरचं रेडकू तिनं नेलं
तेव्हा चावडीपुढं गाव जमलं.
कुणी जाळं म्हणालं, कुणी सुतळी बॉम्ब.
पोरं तर निघालीच होती.
इलाही शेवटी उठला. डोळे सुजलेले.
म्हणाला, रेडकू माझं गेलंय, तर मला बोलू द्या.
वरच्या डोहात वाळूचे ट्रॅक्टर उतरायला लागले
तवापासनं ती आपल्या पाणवठ्याकडं सरकलीय.
हे बी मीच बघितलंय.
सगळे गप्प.
ज्याचे ट्रॅक्टर होते
तो वाकून चपलेचा अंगठा नीट करायला लागला.

मग जुन्या पाइपांचे खांब रोवले,
लोखंडी जाळी ठोकली,
धुणं आता जाळीच्या आत.
पार्वतीकाकू आवटी लुगडं आपटत म्हणते,
बघा की वो, सुसर मोकळी
आणि पिंजऱ्यात आम्ही बायका!
हसते. पुन्हा आपटते.
तिचं म्हणणं खोटं नाही.
इलाहीचा गोठाही अजून एका दावणीनं रिकामाच आहे,
भरपाईचा कागद तालुक्याला फिरतोय.

शिमग्याच्या सुमाराला तिनं वाळूत खड्डा केला.
कुत्र्यांच्या भीतीनं मी बाभळीच्या फांद्या तोडून आणल्या.
वनरक्षक शेडबाळे म्हणाला, काटे नकोत,
अंडी तिला राखता येतात.
तू ट्रॅक्टर राख.
तेव्हापासून पंपघरावरचा दिवा रात्रभर जळतो.
बिल वाढलं म्हणून सचिव ओरडतात.
मी म्हणतो, विंचूकाटा फार झालाय हो इकडं.

एका रात्री, मृग तोंडावर आला असताना,
वाळूच्या आतून आवाज,
खुराड्यात पिल्लं किणकिणावीत तसा.
ती आली. उकरलं.
आणि ज्या जबड्यात रेडकाची मान मोडली
त्याच जबड्यात एकेक पिल्लू,
बोटाएवढं शेपूट बाहेर लोंबतंय,
पाण्यापर्यंत. परत. पुन्हा पाण्यापर्यंत.
मी बॅटरी विझवली.
बाळंतिणीच्या खोलीत उजेड पाडत नाहीत.

भीती गेली असं नाही.
आजही उतरताना पोटऱ्या ताठ होतात,
आणि व्हाव्यातच, असं मला वाटतं.

पण परवा टोले दिले
आणि काहीच नाही.
पुन्हा तीन दिले.
नदी नुसती वाहत होती, भाड्यानं आणल्यासारखी.
वरच्या अंगाला कुठंतरी इंजिन घुरघुरून बंद झालं,
का मला भास झाला.
फोन वाजला. उसाच्या बांधावरून कुणीतरी,
अरे, फेज आली का?
स्टार्टरवर तिन्ही दिवे लागलेले.
नाही आली अजून, मी म्हणालो,
आणि पान्हा हातात धरून
पायरीवर बसून राहिलो.