प्रश्न क्रमांक सदतीस

सावद्याला, बसस्टँडच्या मागे, ट्रॅक्टर पार्टच्या दुकानावर
माझी अभ्यासिका. अकरा बाकं, एक कूलर.
कूलरमध्ये पाणी रोज हाजरा तडवी भरते
आणि कुणी न सांगता शेवटच्या बाकावर जाऊन बसते.

पहिल्या दिवशी मी फळ्यावर लिहिलं :
सर्व केळी पिवळी असतात.
वर्ग खो खो हसला. इथे केळी हिरवी कापतात,
हिरवी तोलतात, हिरवीच रॅकमध्ये भरतात;
पिवळी होतात ती दिल्लीकडे कुठेतरी,
दुसऱ्यांच्या देखत.
म्हटलं, हसू नका. लिहिलेलं खोटं असलं तरी खरं माना,
परीक्षेत तसंच असतं.
शोधायचं ते न लिहिलेलं.

कसं, तर बघा,
केळीचं खोड म्हणतो ते खोड नसतंच,
देठांवर देठ गुंडाळलेले, सोलत गेलात तर
हाती नुसतं पाणी.
खरं खोड मातीत.
वाक्याचंही असंच. कंद उपटून बघा :
वाक्य आडवं झालं, तर ते गृहीतक.
उभंच राहिलं, तर शेजारचं तण.

(चार वेळा मुख्य परीक्षा हुकल्यावर
सुचलेलं आहे हे मला. पोरांना सांगत नाही.)

मग रविवारची सराव चाचणी. सदतिसावा प्रश्न मीच काढलेला,
रात्री, भरताच्या ताटाशेजारी वही ठेवून :

विधान : 'पुलावर पाणी आहे, पलीकडे जाऊ नका'
असा फलक नदीकाठी लावण्यात आला.
गृहीतक एक : येणारे-जाणारे फलक वाचतील.
गृहीतक दोन : पुलावरच्या पाण्याने जिवाला धोका असतो.

उत्तर : दोन्ही. ढोबळ, सोपं, हातचा गुण.

हाजराने एकही गोल रंगवला नव्हता.
समासात पेन्सिलीने, बारीक :
तीन. थांबणाऱ्याचं घर अलीकडे आहे.

मी उपटून बघितलं.
थांबणाऱ्याचं घर पलीकडे आहे.
फलक सरळ चिखलात पडला.

ती पालकडून येते. मध्ये सुकी लागते.
नदीचं नाव सुकी, हे सुद्धा कुणाचं तरी गृहीतकच,
एखाद्या मे महिन्यात बघून ठेवलेलं.
जुलैत तीन दिवस आली नव्हती.
'हाजरा गैरहजर', मी म्हटलं होतं
आणि वर्ग हसला होता, मी पण.
वहीत तिच्या नावापुढे माझंच अक्षर :
अभ्यासाचं गांभीर्य नाही.
किती नीट अक्षर. खाली रेघसुद्धा मारलेली.

पेपर परत देताना तिने विचारलं,
'मॅडम, खऱ्या परीक्षेत काय लिहू?'
तिथे समास कुणी तपासत नाही,
यंत्र फक्त काळे गोल बघतं,
चुकलं की पाव गुण जातो.
'दोन्ही,' मी म्हटलं. 'तिथे दोन्हीच लिही.'
तिने मान हलवली,
समजलं म्हणून की ऐकलं म्हणून, ते
मी गृहीत धरलं नाही.

बादली घेऊन ती खाली गेली.
खालून केळीचा ट्रक चालला होता, हिरवागार,
रस्ता अडवत, रेल्वेच्या दिशेने.

तिला मी पाऊण गुण दिला.
पाऊणच का, हे मला अजून
कुणाला सांगता आलेलं नाही.